मदतीचं पाणी नेमकं कुठे मुरतं? विकास मदत आणि स्वयंसेवी संस्था

वाटसरू
मंडळी, श्रीमंत देशांकडून गरीब देशांना जाणारी विकास मदत झपाट्याने आटत चालली आहे. २०२३ मध्ये ती साधारण २२३ अब्ज डॉलर होती, २०२४ मध्ये २१२ अब्जांवर आली. २०२५ च्या जुलैत अमेरिकेने यूएसएड या आपल्या परदेशी मदत देणाऱ्या सरकारी संस्थेचं दुकान बंद केलं. ब्रिटनने तर २०२७ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.५ टक्क्यावरून ०.३ टक्क्यावर उतरायचं जाहीरच केलंय. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९७० मध्ये ०.७ टक्क्याचं उद्दिष्ट ठरवलं होतं, त्याचं आता कोणी नावही काढत नाही.

तर प्रश्न असा की जो काही पैसा उरेल तो सत्कारणी लागण्यात नागरी संस्थांचा, म्हणजे स्वयंसेवी संस्था वगैरेंचा, उपयोग किती आणि अडचण किती? वाद घालायला सोपं जावं म्हणून माझं मत आधीच सांगून टाकतो. देणारं सरकार, त्याच्या देशातली बडी संस्था, तिचं तिकडच्या राजधानीतलं ऑफिस, त्या ऑफिसची स्थानिक भागीदार संस्था, आणि मग कुठे तो माणूस ज्याच्या नावाने हे सगळं चाललंय. प्रत्येक पायरीवर थोडं पाणी मुरतंच. त्यापेक्षा थेट तिथल्या सरकारला किंवा थेट माणसाच्या हातात पैसे दिले तर काय बिघडलं?

रिकामटेकडा
वाचतोय. पहिला नंबर माझा.

मुक्ता_
वाटसरू, तुमच्या त्या उतरंडीत शेवटून दुसऱ्या पायरीवर मी बरीच वर्षं काढली आहेत. पाणी मुरतं हे खरं, पण मुरण्याची जागा तुम्ही समजताय ती नाही.

आमची संस्था छोटी. एका वेळी तीन डोनर. तिघांनाही माता-बाल आरोग्याचंच काम हवं असायचं. पण अहवालाचा नमुना प्रत्येकाचा निराळा, तिमाही निराळी आणि लाभार्थी मोजायची तऱ्हाही निराळी. एकाला कुटुंबं हवीत, दुसऱ्याला बायका, तिसऱ्याला 'संपर्क'. मग बैठक एकच व्हायची, पण मागे पहिल्याचा बॅनर लावून फोटो काढायचा, तो उतरवून दुसऱ्याचा लावायचा, पुन्हा फोटो. हजेरीपट तीन. तिसऱ्यांदा सही करताना एकीने विचारलं होतं, "ताई, आता आम्ही कोणाच्या?"

यात चोरी कोणीच करत नव्हतं. पण आमच्यातली सगळ्यात तयार कार्यकर्ती, जिच्याशी बायका मोकळेपणाने बोलायच्या, ती महिन्यातले निम्मे दिवस एक्सेलमध्ये डोकं घालून बसलेली असायची. हिशेब बघणाऱ्या माणसाचा पगार तर कुठल्याच बजेटात बसायचा नाही, कारण प्रत्येकाला आपला पैसा 'थेट कामावर'च जायला हवा. युरोपीय संघाच्या अनुदानात अप्रत्यक्ष खर्चाला, म्हणजे ऑफिस-हिशेब वगैरे 'ओव्हरहेड'ला, ७ टक्क्यांची मर्यादा असते. आम्हाला इतरांनी तेवढंही दिलं नाही. शेवटी तो पगार 'प्रशिक्षण' या खात्यातून निघायचा आणि दर ऑडिटला त्यावरून तोंडाला फेस यायचा.

अर्धवटराव
"आता आम्ही कोणाच्या?" हे टी-शर्टवर छापून प्रत्येक डोनरला भेट द्यायला पाहिजे.

हिशेबनीस
मुक्ताताई, तुम्ही सांगितलेलं दुखणं जगजाहीर आहे आणि त्यावर औषधही लिहून दिलं गेलंय. फक्त ते घेतलं कोणी नाही.

२००५ मध्ये मदत परिणामकारक कशी करायची यावर पॅरिस जाहीरनामा झाला. देणारे आणि घेणारे दोघांनी मिळून पाच गोष्टी कबूल केल्या: विकासाची सूत्रं घेणाऱ्या देशाच्या हाती असावीत, मदत त्याच देशाच्या योजना आणि यंत्रणांना धरून जावी, देणाऱ्यांनी आपसात मेळ घालावा, खर्चापेक्षा परिणाम बघावा आणि जबाब दोघांनीही द्यावा. २०१० पर्यंत गाठायची १३ उद्दिष्टं ठरली. मुदत संपली तेव्हा जागतिक पातळीवर त्यातलं एक गाठलं गेलं होतं. एक.

पॅरिसचा सगळा मजकूर मुख्यतः सरकारांमधला व्यवहार होता. नागरी संस्था अंग चोरून कडेला उभ्या. त्यांनी आरडाओरडा केल्यावर २००८ मध्ये अक्रा इथल्या कृतिआराखड्यात त्यांना स्वतंत्र विकासकर्ते म्हणून मान्यता मिळाली, म्हणजे सरकारने दिलेलं काम उरकणारे ठेकेदार एवढीच त्यांची ओळख राहिली नाही. मग 'तुम्ही आम्हाला जाब विचारता, तुमचं काय?' असं सरकारं म्हणू लागली. त्यावर संस्थांनी २०१० मध्ये स्वतःसाठी आठ इस्तंबूल तत्त्वं ठरवली. पारदर्शकता, स्त्री-पुरुष समानता, बरोबरीची भागीदारी वगैरे. २०११ ला बुसानच्या परिषदेत मसुदा करणाऱ्या १८ वाटाघाटीकारांत एक खुर्ची नागरी संस्थांची होती. ही मजल काही लहान नाही.

रिकामटेकडा
रोम, पॅरिस, अक्रा, इस्तंबूल, बुसान... हा विकासाचा इतिहास आहे की टूर कंपनीचं पॅकेज?

मुक्ता_
आमचं तिकीट काही कधी आलं नाही बुवा.

हिशेबनीस
रोमची परिषद २००३ ची, पॅरिसच्या आधीची, ती मी मुद्दाम गाळली होती. रिकामटेकडा यांचा अभ्यास दांडगा दिसतोय.

अर्धवटराव
आता जरा गंभीरपणे. वाटसरू, 'थेट सरकारला द्या' याचं उत्तर युगांडाने देऊन ठेवलंय. १९९१ ते ९५ मध्ये तिथलं केंद्र सरकार शाळांना विद्यार्थ्यांच्या संख्येनुसार अनुदान सोडत होतं. शाळाशाळांत जाऊन खाली किती पोचलं ते तपासलं तेव्हा सरासरी १३ टक्के निघालं. बाकीचं वाटेतल्या जिल्हा कचेऱ्यांत गायब. पुढे सरकारने दर महिन्याला कोणत्या जिल्ह्याला किती पैसे सोडले ते वर्तमानपत्रांत छापायला सुरुवात केली आणि शाळेच्या दारावर आकडा लावायला लावला. २००१ पर्यंत पोचणारा वाटा ८० टक्क्यांच्या वर गेला. लोकांच्या हातात आकडा आला की ते जाब विचारतात.

चक्रम_माणूस
अर्धवटराव, ही गोष्ट इतक्या परिषदांत सांगून झालीय की तिची आरती झाली आहे. आकडे बरोबर आहेत, पण श्रेय एकट्या वर्तमानपत्राचं नाही. त्याच काळात तिथे निधी सोडण्याची पद्धत बदलत होती, वरून देखरेख वाढली होती, देणाऱ्यांचे डोळे त्याच खात्यावर होते. शिवाय आकडे छापले ते सरकारने. यात नागरी संस्था कुठे आली?

मी तुम्हाला दुसरी गोष्ट सांगतो, ती परिषदांत कमी सांगतात. इंडोनेशियात जागतिक बँकेच्या पैशातून गावोगावी रस्ते होत होते. बेंजामिन ओल्केन या अर्थशास्त्रज्ञाने ६०८ गावांत प्रयोग केला, निष्कर्ष २००७ मध्ये छापले. रस्ता झाला की इंजिनियर पाठवायचे. ते रस्त्यात खड्डे घेऊन प्रत्यक्षात खडी, वाळू, दगड किती पडलेत ते मोजायचे आणि बिलाशी ताडून बघायचे. काही गावांना आधीच सांगितलं की तुमचं सरकारी ऑडिट नक्की होणार. काही गावांत हिशेबाच्या सभेची आमंत्रणं घरोघर वाटली, म्हणजे आपली लाडकी 'लोकसहभागाची' वाट.

ऑडिटच्या धाकाने गायब होणारा खर्च साधारण ८ टक्के-अंकांनी घटला. लोकसहभागाने? लोक आले, बोलले, आणि एकूण गळतीत फारसा फरक पडला नाही. युगांडातच आरोग्य केंद्रांवर गावकऱ्यांची देखरेख ठेवल्यावर पाच वर्षांखालच्या मुलांचे मृत्यू ३३ टक्क्यांनी घटले असा एक गाजलेला निष्कर्ष २००९ मध्ये आला होता. नंतर तसाच प्रयोग कितीतरी मोठ्या प्रमाणावर केला, तेव्हा मृत्यूंवर असा परिणाम सापडला नाही. लोकसहभाग हा मंत्र नाही, एवढंच म्हणणं आहे.

झोळीवाला
चक्रम, तुम्ही ओल्केनची अर्धीच गोष्ट सांगितली आणि गंमत नेमकी उरलेल्या अर्ध्यात आहे. सभांनी खडी-वाळूची चोरी थांबली नाही, पण मजुरीची चोरी कमी झाली. कारण उघड आहे. आपल्याला किती दिवसांचे पैसे मिळायला हवे होते हे मजुराला कोणी शिकवावं लागत नाही. रस्त्याखाली दगड किती इंच असायला हवा होता हे मात्र त्याला माहीत नसतं, आणि ते रस्त्याकडे बघून कळतही नाही.

संस्थेचं काम इथेच सुरू होतं. जे लोकांना आपसूक कळतं तिथे सभा पुरते. जे कळत नाही तिथे बिलं वाचणारा, नकाशा समजणारा, खड्डा घेऊन मोजणारा कोणीतरी लोकांच्या बाजूने उभा लागतो. सरकारी ऑडिटर तेच करतो, पण तो वरच्याला सांगतो. हा खाली सांगेल. नुसती सभा भरवून फोटो काढणारी संस्था असेल तर मी चक्रम यांच्या बाजूने.

चक्रम_माणूस
हे मान्य. पण अशा किती संस्थांकडे इंजिनियर असतो?

मुक्ता_
इंजिनियरचा पगार 'ओव्हरहेड'मध्ये मोडतो ना!

झोळीवाला
:))

मोजमाप जमलं तर काय होतं याचा माझा आवडता दाखला बांगलादेशातला. ब्रॅक ही १९७२ मध्ये सुरू झालेली संस्था. १९८० ते ९० या दहा वर्षांत तिच्या बायका-कार्यकर्त्या घरोघर जाऊन आयांना जुलाबावरचं मीठ-गुळाचं पाणी करायला शिकवत होत्या. पाकिटं नाहीत, औषध नाही. चिमटीत मीठ किती, मुठीत गूळ किती, पाणी किती, एवढंच. सव्वा कोटीच्या आसपास घरं झाली. यातला पैसाही बराचसा परदेशी मदतीचाच.

गंमत पगारात होती. आज किती घरं केली यावर पगार मिळत नसे. नंतर दुसरा माणूस त्यातल्या काही घरी जायचा आणि आईला विचारायचा, काय काय आठवतं? दहा मुद्दे होते. तिला किती आठवतात, पाणी नीट करता येतं का, त्यावर शिकवणारीचे पैसे ठरायचे. वर हिशेबनीसांनी सांगितलेलं पॅरिसचं 'परिणाम बघा' हे कलम यायला अजून पंचवीस वर्षं होती. आणि सुरुवातीला आयांना आठवत होतं, पण जुलाब लागल्यावर करून देणाऱ्या कमी, हेही याच तपासणीतून कळलं. मग पुरुषांशी बोलायला सुरुवात केली, पद्धत बदलली. डोनरला दर तिमाहीला बांधलेलं प्रपोजल असतं तर हे बदलायला परवानगीच मागत बसले असते.

दक्षिणवारा
याच्या बरोबर उलटं बघायचं तर हैती. २०१० च्या भूकंपानंतर मोठ्या देणाऱ्यांनी जी तातडीची मदत दिली त्यातला जेमतेम १ टक्का हैतीच्या सरकारच्या हाती गेला, तिथल्या स्थानिक संस्थांच्या वाट्याला तर त्याहूनही कमी. समन्वयाच्या बैठका संयुक्त राष्ट्रांच्या तळावर. आत जायला पास लागायचा, बोलणं बऱ्याचदा इंग्रजीत. ज्यांना आपली गल्ली पाठ होती ते फाटकाबाहेर.

यावर उपाय म्हणून २०१६ मध्ये देणारी सरकारं आणि बड्या मदतसंस्था यांच्यात 'ग्रँड बार्गेन' नावाचा करार झाला. २०२० पर्यंत मदतीचा २५ टक्के पैसा शक्य तितक्या थेटपणे स्थानिकांकडे जाईल असं ठरलं. मुदत संपली तेव्हा थेट पोचणारा वाटा एक आकडीच होता. त्यामुळे वाटसरूंच्या पायऱ्यांपैकी वरच्या दोन काढायला माझी काहीच हरकत नाही. पण नेमकी खालची पायरीच आधी निघते, कारण परिषदेत वरच्या पायऱ्याच बसलेल्या असतात.

जुनी_जाणती
इतके प्रतिसाद झाले, पण सगळे पैसा 'पोचवण्या'वरच बोलताय. चुकीच्या कामाला जाणारा पैसा अडवला तर ती परिणामकारकता नाही का?

मलेशियातल्या पेर्गाऊ धरणाचं प्रकरण आठवतं का कोणाला? ब्रिटनने मदतीच्या खात्यातून २३.४ कोटी पौंड दिले. मदत खात्याच्या सर्वोच्च अधिकाऱ्यानेच लेखी आक्षेप घेतला होता की हा प्रकल्प परवडणारा नाही. तरी रेटला, कारण मागे शस्त्रविक्रीचा सौदा. वर्ल्ड डेव्हलपमेंट मूव्हमेंट नावाची एक संस्था कोर्टात गेली आणि नोव्हेंबर १९९४ मध्ये हायकोर्टाने ही मदत बेकायदा ठरवली. २००२ मध्ये तिथे कायदाच झाला की मदतीचा हेतू गरिबी कमी करणं हाच असला पाहिजे. या संस्थेने एकही विहीर खणली नाही, एकही गोळी वाटली नाही.

आणि सरदार सरोवर तर आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. १९८५ मध्ये जागतिक बँकेने ४५ कोटी डॉलर मंजूर केले. आंदोलनाच्या दबावाने बँकेला स्वतंत्र समिती नेमावी लागली, १९९२ मध्ये मोर्स समितीने पुनर्वसन आणि पर्यावरण या दोन्हींवर बँकेचेच कान उपटले. १९९३ च्या मार्चमध्ये भारताने उरलेलं कर्ज घेणार नाही म्हणून सांगितलं आणि त्याच वर्षी बँकेने तपासणी पॅनेल स्थापन केलं. आज जगात कुठल्याही कोपऱ्यातल्या बाधित लोकांना बँकेच्या प्रकल्पाविरुद्ध तक्रार करता येते ती त्या पॅनेलमुळे. धरण योग्य की अयोग्य, तो वाद इथे नको.

रिकामटेकडा
'तो वाद इथे नको' म्हणजे आता किमान शंभर प्रतिसाद. पॉपकॉर्न आणतो.

संपादक
सरदार सरोवरावर स्वतंत्र धागे आहेत, तो वाद तिकडेच. इथले दोन प्रतिसाद हलवले आहेत.

वाटसरू
जुनी_जाणती, तुमचा प्रतिसाद आवडला, आणि त्यातूनच माझा पुढचा प्रश्न येतो. वर्ल्ड डेव्हलपमेंट मूव्हमेंट सरकारला कोर्टात खेचू शकली, कारण ती सरकारच्या पैशावर उभी नव्हती. सभासदांच्या वर्गणीवर चालायची. मुक्ता_ यांची संस्था तीन डोनरांपैकी एकावर तरी केस करू शकली असती का? माझं म्हणणं आता असं मांडतो: सेवा पुरवायचं काम सरकारांनी करावं, जाब विचारायचं संस्थांनी, आणि जाब विचारणाऱ्यांनी मदतीच्या पैशाला हात लावू नये.

अर्धवटराव
कागदावर झकास. गरीब देशात वर्गणी देणार कोण?

हिशेबनीस
आणि बाहेरून पैसा घ्यायचा तर दारं बंद होत चाललीत. इथिओपियाने २००९ मध्ये कायदा केला की १० टक्क्यांहून जास्त पैसा बाहेरून येत असेल तर त्या संस्थेने मानवी हक्कांवर काम करायचं नाही. तो २०१९ मध्ये बदलला. रशियाने २०१२ पासून 'परदेशी हस्तक' असा शिक्का मारायला सुरुवात केली. आपल्याकडे एफसीआरए या परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीने परदेशी निधी एका संस्थेने दुसरीकडे वळवायला बंदी केली आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आणली. वाटसरू, तुम्हाला हवी होती तशी साखळी यात खरोखरच तुटते. पण ज्या छोट्या संस्थांना मोठ्या संस्थेमार्फतच पैसा मिळायचा, त्यांच्यासाठी नळच बंद झाला.

मुक्ता_
वाटसरू, केस सोडा, आम्ही साधं पत्रही लिहिलं नसतं. एकदा एका डोनरने ठरवलेलं उपकरण खेड्यातल्या केंद्रांत चालतच नव्हतं, वीज कमी दाबाची. सगळ्यांना माहीत. अहवालात आम्ही लिहिलं, 'वापराबाबत अधिक प्रशिक्षणाची गरज आहे.' पुढच्या वर्षीचा करार सहीला पडला होता.

तरीही तुमची वाटणी मला पटत नाही. वीज कमी दाबाची आहे हे आम्हाला कळलं, कारण आम्ही त्या केंद्रात रोज जात होतो. लांब बसून नुसता जाब विचारणाऱ्याला ते कधी कळलं असतं? काम करणारा आणि बोलणारा वेगळा केला की काम करणारा मुका होतो आणि बोलणारा आंधळा. मला विचाराल तर पैसा एखाद्या प्रकल्पाला न बांधता संस्थेला द्या, तीन-चार वर्षांसाठी, एकच अहवाल घ्या. पुढच्या सहीची भीती गेली की पत्र लिहिलं जातं.

चक्रम_माणूस
आणि ती संस्था चार वर्षं नुसती झोपली तर?

झोळीवाला
तर आईला जाऊन विचारा, किती मुद्दे आठवतात.

वाटसरू
मुक्ता_, मोकळा पैसा द्यायला देणारे तयार होतील असं वाटत नाही. त्यांनाही त्यांच्या संसदेत फोटो दाखवायचा असतो. उपकरणाचं मात्र डोक्यातून जात नाहीये. ते शेवटी झालं काय?

मुक्ता_
प्रशिक्षण झालं. दोन वेळा. दोन बॅनर.

दक्षिणवारा
हिशेबनीस, एक शंका. देणाऱ्या देशांत आलेल्या निर्वासितांना तिथेच सांभाळायचा खर्चही या २२३ अब्जांत धरलेला असतो असं ऐकलं. खरं का?

हिशेबनीस
हो. येऊन पहिले बारा महिने होईपर्यंतचा खर्च मदत म्हणून धरायला नियमाने परवानगी आहे. नागरी संस्था त्यावर सुरुवातीपासून भांडताहेत. कोणी नवीन धागा काढणार असेल तर आकडे देतो, इथे अवांतर होईल.